बाहेरच्यानं बोलायचं नाही

पाटी शनिवारी दुपारी आली, आणि दिवस मावळायच्या आत एका घरातल्या पाच माणसांची तोंडं पाच दिशांना झाली.

पितळेची पाटी. हातभर लांब, वीतभर उंच, चार कोपऱ्यांत स्क्रूची चार भोकं. बाबांचा थोरला मुलगा ती छातीशी धरून चर्चच्या मधल्या वाटेनं आला, जशी काही त्यालाच शर्यतीत मिळाली होती. खाली बाकांच्या रांगा रिकाम्या होत्या. वर सज्ज्यात नवा ऑर्गन उभा होता, सोळाशे चाळीस नळ्यांचा. घरात त्याला नुसतं 'बाजा' म्हणत. घरची माणसं तिथंच होती. बाबा फडक्यानं पुढच्या नळ्या पुसत होते. धाकटी मुलगी पट्ट्यांसमोरच्या बाकड्यावर बसली होती. थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी, जमिनीवरचा भुसा गोळा करत होती. आणि बाबांची थोरली बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांच्या अक्का, जिना चढून आल्या म्हणून अजून धापा टाकत होत्या.

"उद्या उपासनेच्या आधी लावून टाकू," थोरला वर येऊन म्हणाला. "वाच, आत्या."

अक्कांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं.

"'हे वाद्य ज्याने घडवले त्या कारागिराने, आपल्या घराण्याच्या रीतीप्रमाणे, नम्रपणे आपले नाव येथे कोरू दिले नाही.'"

त्यांनी पाटी उलटी करून मागची बाजू बघितली. मागं काही नव्हतं.

"बाळ्या, हे तू सांगितलंस लिहायला?"

"पाळकसाहेब मागंच लागले होते, अक्का. नाव घाला म्हणून. मी नाही म्हटलं," बाबा म्हणाले.

"नाही म्हटलंस आणि त्याची पाटी केलीस. उद्या मीही गळ्यात फळा अडकवून हिंडते, 'या बाईला बडबड करायची सवय नाही.'"

वहिनी फिस्सकन हसल्या आणि नवऱ्याचा चेहरा बघून परत भुशाकडं वळल्या.

या घराण्यानं एकाही बाज्यावर नाव घातलं नव्हतं, हे खरं. अक्का म्हणायच्या, त्यांच्या आजोबांनी नाव घातलं नाही कारण त्यांना लिहिता येत नव्हतं. वडिलांनी घातलं नाही कारण आजोबांनी घातलं नव्हतं. आणि बाबांनी घातलं नाही, ते मात्र जिथं जातील तिथं सांगत सुटले. नम्रतेचा माज हा सगळ्या माजांत हलकट. पैशाचा माज निदान पैसा गेला की उतरतो. हा उतरत नाही, कारण माणूस त्यालाच प्रार्थना समजतो.

"लोक काय म्हणतात ठाऊक आहे ना?" थोरला धाकट्या बहिणीला म्हणाला. "कानसेन आणि नाव नाही लावत! याचीच किंमत आहे. उद्या दुसऱ्या दोन चर्चच्या मंडळ्यांचे पंच येतायत ऐकायला. दोघांनाही नवा बाजा हवाय. पाच वर्षांचं काम आहे, पाच."

कानसेन म्हणजे बाबा. धंद्यातले लोक त्यांना त्याच नावानं ओळखत. कुठल्याही नळीपाशी उभं राहून, डोळे मिटून, केसाएवढा उतरलेला सूर ते पकडायचे. थोरल्यानं एकदा सूर मोजायचं यंत्र आणलं होतं. बाबांनी ते महिनाभर दाराला टेकण म्हणून वापरलं.

"वाजवून तर दाखवा," वहिनी म्हणाल्या. "आमच्यासारख्यांना निदान आज कळू दे, उद्या गर्दीत काय ऐकू येणार."

धाकटीनं बाबांकडं बघितलं. बाबांनी मान हलवली. तिनं भाता सुरू केला. बाज्याच्या पोटात वारा भरला, एखादं मोठं जनावर झोपेतून उठताना श्वास घेतं तसा. तिनं खालच्या पट्ट्या धरल्या, आणि सज्ज्याची फळी पायाखाली थरथरली. मग मधल्या. वहिनींच्या हातातला झाडू आपोआप खाली गेला. मग धाकटीनं उजवा हात अगदी शेवटापर्यंत नेला आणि करंगळीएवढ्या नळ्या बोलू लागल्या.

वहिनींनी कपाळाला आठी घातली. त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्यांना खोटंही बोलता आलं नाही.

"हे वरचं असंच असतं का हो? चिमण्या भांडल्यासारखं?"

थोरल्यानं बायकोकडं असं बघितलं, की ती आता परत वर्षभर बोलणार नाही.

"हवा दमट आहे," बाबा म्हणाले. "रात्रीत बसेल. आणि सूनबाई, सुरातलं तुम्हाला काय कळतं?"

"काही नाही कळत, म्हणून तर विचारलं."

"मला तर काहीच ऐकू आलं नाही," अक्का म्हणाल्या. "मधलं छान होतं. मग ही पोरगी हात तिकडं नेऊन बसली आणि सगळं गप्प. मला वाटलं, संपलं." त्या भावाकडं वळल्या. "पाखरं ऐकू यायची बंद होऊन मला दहा वर्षं झाली, बाळ्या. तू माझ्याहून सहाच वर्षांनी लहान. एका आईची पोरं आपण."

"तुझे कान आणि माझे कान एक आहेत होय?"

"नाक तर एक आहे."

"अक्का!"

धाकटी बाकड्यावर पाठ वळवून बसली होती. तिनं तोंडातून शब्द काढला नाही. काढायचाच नव्हता.

या घराची कामाची एक रीत होती. सूर लावायला दोघं लागतात. एक बाज्याच्या आत नळ्यांमध्ये उभा राहतो, हातात पितळी शंकू घेऊन. नळीचं वरचं टोक शंकूनं जरा फाकवलं की सूर चढतो, जरा आवळलं की उतरतो. दुसरा बाहेर बसून एकेक पट्टी दाबून धरतो. आतल्याचं झालं की तो लाकडावर टक् करून वाजवतो. बाहेरच्यानं पुढची पट्टी धरायची. कान आतल्याचा. बाहेरच्याचं फक्त बोट. आणि बाहेरच्यानं बोलायचं नाही, काही झालं तरी नाही, कारण एक शब्द मध्ये आला की आतल्याच्या कानातून सूर निसटतो. आजोबांनी ही रीत घातली होती. धाकटी सोळा वर्षांची असताना बाहेर बसली. आता ती सेहेचाळीसची होती आणि अजून बाहेरच होती.

गेले अकरा दिवस तिनं या बाज्याच्या पट्ट्या धरल्या होत्या. खालचं सगळं बाबांनी सोन्यासारखं लावलं. वर जाता जाता तिनं ऐकलं की बाबा चुकतायत. आधी थोडं, मग भरपूर. एका पट्टीवर दोन नळ्यांचे सूर एकमेकांना ओरबाडत होते, आणि आतून बिनधास्त टक्. पुढची. टक्. पुढची. ती गप्प राहिली. रीतच होती. पण खरं सांगायचं तर रीत हे निमित्त होतं. तिसऱ्या दिवसापासून तिला मजा यायला लागली होती. रात्री अंथरुणावर पडून ती चुकलेल्या नळ्या मनातल्या मनात मोजायची, कंजूष माणूस नाणी मोजतो तशी. रविवार येऊ दे. सगळ्यांसमोर येऊ दे. मग कळेल, या घरात कान कुणाला आहे. आणि रोज सकाळी ती खाली मान घालून बाकड्यावर बसायची आणि लोक म्हणायचे, काय गरीब स्वभावाची मुलगी!

"चला, एकदाचं दाखवतोच," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. ते वाकून बाजूच्या लहान दारातून बाज्याच्या आत शिरले. आतून त्यांचा आवाज आला, पेटीत कोंडल्यासारखा. "सगळ्यात वरची धर. एकच."

धाकटीनं शेवटची पट्टी धरली. सुईसारखा सूर निघाला.

"ऐका!" बाबा आतून म्हणाले. "आहे का काही खोट? अक्का, तुला नसेल ऐकू येत, पण जे आहे ते आहे."

धाकटीनं बोट उचललं.

तिनं ठरवून केलं नाही, असं ती पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगणार होती. पण बोट काही आपलं आपण उचललं जात नाही. सूर थांबला. तिचा हात पट्ट्यांच्या वर, हवेत, सगळ्यांना दिसत होता. थोरल्याला दिसत होता. वहिनींना दिसत होता. चर्च एवढं शांत झालं की खालच्या रस्त्यावरून सायकलची घंटी गेली, तीही ऐकू आली.

"काच," बाबा आतून म्हणाले. डोळे मिटले असणार, आवाजावरून कळत होतं. "निव्वळ काच. असा सूर माझ्या बापालाही लागला नाही. धरून ठेव, पोरी, धरून ठेव. सोडू नको."

थोरल्यानं हातातली पाटी हळूच बाकड्यावर ठेवली. वहिनींनी तोंडावर हात ठेवला, या वेळी हसू दाबायला नाही. अक्का एवढंच पुटपुटल्या, "देवा."

बाबा दारातून वाकून बाहेर आले, हसत. त्यांनी आधी बहिणीचा चेहरा बघितला. मग सुनेचा. मग धाकटीचा हवेतला हात.

हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं, यजमान निघून गेल्यावर पाहुणा उभा राहावा तसं.

"कधी सोडलीस?" त्यांनी विचारलं.

बाहेरच्यानं बोलायचं नाही. पण आता कोण आत होतं?

"तुम्ही 'काच' म्हणायच्या आधी," ती म्हणाली.

बाबा वळले आणि परत आत गेले. थोरला त्यांच्यामागं निघाला, तर अक्कांनी काठी आडवी घातली. "जाऊ दे त्याला."

"धर," आतून आवाज आला. आता त्या आवाजात कानसेन नव्हता. एक म्हातारा होता.

"धरली," ती म्हणाली.

आत अंधूक होतं. सगळीकडं नळ्या, माणसाच्या दुप्पट उंचीच्यांपासून बोटाएवढ्यांपर्यंत, जंगलात मोठ्या झाडांखाली रोपं असावीत तशा. बाबा सगळ्यात लहान नळीपाशी उभे होते. त्यांनी ती स्वतः घडवली होती. कथील ओतलं, पत्रा पातळ केला, गुंडाळला, सांधला. त्यांनी डोळे मिटले, आणि सूर आला, लख्ख, काचेसारखा. त्यांनी डोळे उघडले, नळीकडं बघितलं आणि स्वतःला म्हटलं, आता खरं ऐक. जे येतंय ते ऐक. आणि सूर गेला. साठ वर्षं कमावलेला सूर डोक्यातून पुसला गेला, आणि मागं काहीच उरलं नाही. त्यांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता. भात्याची घरघर ऐकू येत होती. नळीकडून काही नाही.

"धरलीस ना?"

"धरली आहे, बाबा. वाजतीये."

त्यांनी करंगळी नळीच्या तोंडासमोर नेली. आणि तिथं वारा होता.

बारीकसा. दोऱ्याएवढा. गार. तो नळीच्या ओठावरून निघत होता आणि त्यांच्या बोटावर येऊन लागत होता, न थांबता. नळी गात होती. त्यांच्यासमोर, वीतभर अंतरावर, जीव तोडून गात होती, आणि ज्याच्यासाठी गात होती त्याला कानसेनाचं काही देणंघेणं नव्हतं. बाबांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांना पहिल्यांदा जाणवलं की आपण रोज 'देवाच्या स्तुतीसाठी' म्हणून काम केलं, आणि रोज ती स्तुती आपल्या कानांपर्यंत आली की संपली असंच धरून चाललो. जणू वरती कुणी ऐकतच नव्हतं. जणू त्यालाही आपल्याकडून विचारून घ्यावं लागणार होतं, सूर बरा आहे ना म्हणून.

वारा बोटावर येतच राहिला. हा वारा तरी कुणाचा? नळी आपली. भाता आपला. भात्याचं चामडं आपण शिवलं. पण वारा काही आपण केला नाही. जागा एवढी अरुंद होती की त्यांना खाली बसताही आलं नाही. ते नळ्यांच्या मधोमध टेकून उभे राहिले आणि रडले. बाहेरच्यांना ते ऐकू आलं. त्यांनी ते ऐकू येऊ दिलं.

बाहेर थोरला बहिणीवर घसरला होता.

"तुला माहीत होतं! अकरा दिवस तुला माहीत होतं आणि तू मूग गिळून बसलीस?"

"बाहेरच्यानं—"

"रीत मला शिकवू नकोस! उद्या दहा वाजता दोन मंडळ्यांचे पंच त्या पहिल्या बाकावर बसणार आहेत!"

"तिच्यावर कशाला ओरडता?" वहिनी म्हणाल्या. "तीस वर्षांत तुम्ही कुणी तिला विचारलंत का, तुला काय ऐकू येतं म्हणून?"

"तू मध्ये पडू नकोस."

"पडणार. आजवर पडले नाही तेच चुकलं."

"वहिनी, राहू द्या," धाकटी म्हणाली. "दादा बरोबर बोलतोय. मी रीतीसाठी गप्प नव्हते." बाबा दारात येऊन उभे होते, तिनं त्यांच्याकडं बघूनच सांगितलं. "मला तुमची फजिती बघायची होती. सगळ्यांसमोर. मी रोज वाट बघत होते."

बाबांनी बाहीनं नाक पुसलं, लहान मुलासारखं.

"मग? बघितलीस?"

"हो."

"कशी वाटली?"

तिनं अकरा दिवस जपून ठेवलेली गोष्ट तोंडात घातल्यावर माती निघाली होती.

"आपण दोघं सारखीच आहोत गं," बाबा म्हणाले. "मी नम्र, तू गरीब. अक्का, बघ तरी, काय घराणं आहे! अख्ख्या घरात एकटी तूच आगाऊ, आणि तूच बरी निघालीस."

"ते मी आईलाही सांगायचे," अक्का म्हणाल्या.

बाबांनी पाटी उचलली, वाचली. मग सुनेकडं दिली. "सूनबाई, ही वितळवायच्या डब्यात टाका. पितळ चांगलं आहे." मग त्यांनी खिशातून शंकू काढला. मुठीत बसेल एवढा, बापाच्या हातचा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. धाकटीसमोर धरला.

"मी बाहेर बसतो," ते म्हणाले.

"बाबा, एक मिनिट." थोरला मध्ये आला. त्याला जे वाटत होतं त्याला हाव म्हणणं सोपं आहे. पण त्याच्या जिवावर कारखान्यातली नऊ माणसं जेवत होती. "ती लावू दे सगळं, काही हरकत नाही. पण ही गोष्ट या सज्ज्याबाहेर जाता कामा नये. उद्या पाळकसाहेब तुम्हाला दोन शब्द बोलायला सांगतील. तुम्ही फक्त हात जोडा आणि गप्प बसा. लोक म्हणतील, काय नम्र माणूस!"

बाबांनी शंकू धाकटीच्या मुठीत ठेवला.

"भाता बघ," ते म्हणाले. "वारा कमी पडू देऊ नको."

मग धाकटी आत गेली. पहिल्याच नळीपाशी तिच्या मनात पुन्हा तेच उठलं: आता मी. बघाच आता. तिनं शंकू टेकवला, सूर चढला, जास्तच चढला. हाताच्या उबेनंही लहान नळी चढते. ती हात काढून थांबली. सूर आपसूक उतरत आला, दुसऱ्या नळीच्या सुराजवळ, आणखी जवळ. ओरबाडणं मंद झालं, लाटेसारखं झालं, लाट लांबत गेली, आणि मग थांबली. दोन नळ्या वाजत होत्या आणि सूर एकच होता. तिनं शंकू परत लावलासुद्धा नव्हता. ती नुसती बाजूला झाली होती. तिला एकदम भीती वाटली, देवळात चुकून मोठ्यानं बोलल्यावर वाटते तशी. हे जुळणं तिनं केलं नव्हतं. ते आधीच कुठंतरी होतं, आणि तिला फक्त त्याच्या वाटेतून हटायचं होतं.

तिनं लाकडावर टक् केलं.

बाहेर बाबांनी पुढची पट्टी धरली. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. ते बोट घट्ट दाबून बसले, टक् होईपर्यंत, मग पुढची. वरच्या एकशे बारा नळ्या. खिडक्यांतला उजेड पिवळा झाला, मग तांबडा. बाबा एक शब्द बोलले नाहीत. वहिनींनी पाणी आणून दिलं, तेही त्यांनी डाव्या हातानं घेतलं.

रविवारी चर्च भरलं. दोन्ही पंच पहिल्या बाकावर होते, हातांची घडी घालून. पाळकसाहेब म्हणाले, "आपले प्रसिद्ध कानसेन दोन शब्द बोलतील," आणि लगेच हसून, "अर्थात, बोलतील असं वाटत नाही. त्यांचा स्वभाव आपल्याला माहीत आहे."

बाबा उठले. थोरल्यानं त्यांच्या कोटाची कड धरली होती. ती त्यांनी सोडवली.

"माझा स्वभाव तुम्हाला माहीत नाही," बाबा म्हणाले. "मला फुशारकीची खोड आहे. सगळी हयात मी या कानांची फुशारकी मारली. ते कान गेले. कधी गेले, तेही मला कळलं नाही. या बाज्याचं वरचं मी लावलं ते पार चुकलं होतं. काल माझ्या मुलीनं लावलं. ती म्हणते, तिनंही नाही लावलं. मी पट्ट्या धरल्या." ते थांबले. त्यांना दम लागला होता, पण चेहरा असा उजळला होता, की पाळकसाहेबांनी पुढं केलेला हात मागं घेतला. "आता खोड काही या वयात जाणार नाही. म्हणून फुशारकी मारतोच. काल मी एका नळीपुढं बोट धरलं. मला सूर ऐकू आला नाही. पण तो ऐकत होता. मी ऐकत नसतानाही तो ऐकत होता! असा आहे माझा देव. याहून मोठी बढाई मारण्यासारखं माझ्याकडं काही नाही."

ते खाली बसले. पहिल्या बाकावरचा एक पंच उठला, शेजाऱ्याच्या कानाशी काही बोलला आणि निघून गेला. दार लागल्याचा आवाज आला. थोरल्यानं डोळे मिटून घेतले. शेजारी बसलेल्या वहिनींनी त्याचा हात हातात घेतला, आणि त्यानं तो घेऊ दिला.

मग बाजा सुरू झाला.

खालचे सूर आधी आले. बाबांना ते बाकाच्या लाकडातून, पाठीच्या मणक्यांतून कळले. मग मधले, भरून, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मग ते कमी होत गेले, एकेक करून विझत गेले, आणि बाबांसाठी चर्च गप्प झालं. त्यांना वाटलं, संपलं. त्यांनी आजूबाजूला बघितलं. कुणी हललं नव्हतं. तीनशे माणसांचे चेहरे एकाच वेळी वर उचलले जात होते, हळूहळू, जसं काही छतातून काही उतरत होतं आणि ते चुकवायचं नव्हतं.

मग त्यांनीही चेहरा वर उचलला.